घसा खाकरणारा कॉम्प्युटर

या, असे जवळ सरकून बसा. एका रुसलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायची आहे.

सुनेने अकराव्यांदा बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहिली. पुढे काही नाही. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन ती सकाळपासून त्याची मनधरणी करत होती. चार वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हापासून तो कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. आतली जुनी सिस्टीम केव्हाच मोडली होती. लिनक्स ही दुसरी सिस्टीम फुकट मिळते आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालते, एवढ्या आशेवर तिने बारा वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. बाराला भंगारवाला येणार होता. त्याला सासूबाईंनीच बोलावलं होतं.

सासूबाई मागे शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंगेगणिक एक टोमणा. सासऱ्यांनी स्वतःच्या आवाजात भजनं म्हणून एक सीडी केली होती. ते गेल्यावर ती लावायला म्हणून शोधली, तर सापडेना. कपाट सुनेने आवरलं होतं, म्हणजे सीडी सुनेनेच हरवली. आल्यागेल्याला हे सांगून झालं होतं. आजही झालं. जिला एक सीडी सांभाळता आली नाही, ती कॉम्प्युटर काय सांभाळणार? सून पहिलं वर्षभर नाही, नाही म्हणत होती. मग तिने म्हणणंच सोडलं.

तिने पेनड्राइव्ह दुसऱ्या खाचेत घातला. नवऱ्याच्या लॅपटॉपवरून त्यावर लिनक्स नव्याने उतरवलं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. पुन्हा बटण, पुन्हा तीच रेघ. पावणेबारा झाले.

"तुझ्या सासऱ्यांची सवय लागलीय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "सुरू व्हायच्या आधी नुसतं घसा खाकरणं."

सुनेचा हात थांबला. तिने कान लावला. खर्र, खर्र. सकाळपासून ती त्याला पंख्याचा आवाज समजत होती. पंखा नव्हता तो. कॉम्प्युटर उठल्याउठल्या आधी सीडीच्या कप्प्यात डोकावत होता आणि तिथेच अडकून बसत होता. पेनड्राइव्हपर्यंत पोचतच नव्हता.

तिने कप्पा उघडला. आत सीडी होती. वर सासऱ्यांचं वळणदार अक्षर.

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग सावरून म्हणाल्या, म्हणजे तूच इथे विसरलीस तर.

 सुनेने सीडी काढून बटण दाबलं. लिनक्स गुमान सुरू झालं. मग तिने सीडी परत आत ठेवली. खर्र, खर्र. आणि चार वर्षांनी घरात सासऱ्यांचा आवाज घुमला.

"अगं, माझं गाऊन झालं तरी ही सीडी यातच राहू दे. तू जपून ठेवलेलं पुन्हा सापडत नाही."

मागोमाग सीडीतूनच सासूबाईंचं तेव्हाचं हसू, आणि टाळांचा ठेका.

दारात भंगारवाल्याची हाक आली. सासूबाईंनी उठून त्याला वाटेला लावलं. परत आल्या त्या मागच्या खुर्चीत नाही, सुनेच्या शेजारी बसल्या. पदराने डोळे पुसले.

"भजन थांबव गं जरा," त्या म्हणाल्या. "आधीचं ते रागावणं पुन्हा लाव."

तुमच्या घरात कधी काही सापडेनासं झालं, तर कोणाकडे बोट दाखवण्याआधी त्या सासऱ्यांची तेवढी आठवण काढा.