राळ्याच्या अक्षता

लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि केरबाच्या घरात भाताऐवजी राळा येऊन पडला. त्या मुलखात सगळे एकच बी पेरायचे, आणि पावसाचं मन ओळखणारं मनकवडं बी ते! भरपूर पाणी मिळालं तर भात व्हायचं, बेताचं मिळालं तर ज्वारी, आणि पावसानं पाठ फिरवली की राळा. कणगी गळ्यापर्यंत भरली होती, पोटाची काळजी नव्हती. पण अक्षतांना तांदूळ नाही म्हटल्यावर केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तालुक्याहून विकत आणतो," तो म्हणाला.

"आणा की," बायको सखू फणकारली. "वर्षभर राळा खायचा आणि मांडवात त्याची लाज धरायची!"

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. केरबानं चाचरत सगळं सांगून टाकलं.

"अहो पाव्हणं," त्या हसत म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर ज्वारी पडली, थोरल्या सुनेच्या डोक्यावर तांदूळ. ज्या साली जे पिकलं, त्याच्याच अक्षता. उधळा राळा!"

कांडायला वेळ नव्हता, म्हणून राळा सालासकटच कुंकवात रंगवला. तो नवरीच्या केसांत अडकला, अंगणभर सांडला.

पुढच्या साली पाऊस मनासारखा झाला. लेक पंचमीला माहेरी आली, तेव्हा केरबानं तिला फाटकातच थांबवलं.

"जपून पाय टाक गं, तुझ्या अक्षता आहेत."

मांडवाच्या जागी गुडघ्याएवढा भात उभा होता.