शेजारीशेजारी

सोया सॉसमध्ये मुरवलेल्या खेकड्याचा गाभोळीनं भरलेला तुकडा बोरामच्या बाबांनी अलगद उचलला आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईच्या भातावर ठेवला. बोरामच्या छातीत धस्स झालं.

"घे गं. तुझ्या आवडीचा," बाबा म्हणाले. समोरच्या व्याह्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

आवडीचा होता, एके काळी. आता आईला खेकडा सोसत नव्हता. खाल्ला की अंगावर गांध्या उठायच्या. पण बाबांना हे कुठून कळणार? बोराम सहावीत असताना दोघं वेगळे झाले, त्यानंतर एका टेबलाशी ते आज पहिल्यांदाच जेवत होते.

शेजारीशेजारी बसा, फार अदबीनं बोलू नका, एकमेकांचे आभार तर मुळीच मानू नका, असं बोरामनंच दोघांना पढवलं होतं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे, हानसोलचे, आईवडील देगू शहरातले, जुन्या वळणाचे. "घटस्फोट हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी काढत नाही," असं हानसोलनं सांगितल्यापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. हल्ली कोण बघतं हे, असं मैत्रिणी म्हणायच्या. आणि लग्नपत्रिकेत आईबाबा दोघांची नावं घालणार का, हेही त्याच लगेच विचारायच्या.

आईनं क्षणभर भातावरच्या तुकड्याकडे पाहिलं. मग तोंडात घातला आणि हसून चावू लागली.

"याला म्हणतात संसार!" हानसोलचे वडील खूश होऊन म्हणाले. त्यांनी बाबांचा पेला सोजूच्या दारूनं भरला. "मुलगी कुठल्या घरातली आहे ते आईबापांकडे बघून कळतं. काय हो व्याही?"

बाबांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि भलत्याच जोरात हसले. हानसोलची आई मात्र हसली नाही. ती बोरामच्या आईच्या गळ्याकडे बघत होती. तिथे लाल चट्टे दिसायला लागले होते. आईनं गळ्याभोवतीचा रुमाल वर ओढला.

बोरामनं टेबलाखाली पर्स चाचपली. गोळी नव्हती. हात धुऊन येते म्हणून ती उठली आणि खोलीचं दार सरकवून हॉटेलच्या पॅसेजमध्ये आली. गल्ल्यावरच्या बाईला ती जवळचं औषधाचं दुकान विचारणार, तेवढ्यात मागचं दार पुन्हा सरकलं. हानसोलची आई नुसत्या मोज्यांवरच बाहेर आली होती.

"गोळी दिली मी विहीणबाईंना," ती म्हणाली. "मलाही कोळंबीचा त्रास आहे, पर्समध्ये असतेच. पाण्याबरोबर घेतलीय त्यांनी. बऱ्या आहेत, घाबरू नकोस."

"थँक्यू, आई."

"कधी झाला त्यांचा घटस्फोट?"

"घटस्फोट? नाही हो..."

"अगं, बरोबर राहणारी बाई नवऱ्याला तिथल्या तिथं झापते. एवढी वर्षं काढली तरी बायकोला काय चालतं ते कळत नाही का, म्हणते. तुझ्या आईनं मुकाट्यानं गिळला तो घास. एवढी भीड माणूस परक्याचीच धरतं."

आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. बोरामनं कमरेत वाकून मान खाली घातली. "माफ करा. मी सहावीत होते तेव्हा. त्यांचा काही दोष नाही, मीच त्यांना हे नाटक करायला लावलं." लग्न मोडलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. हानसोलला आता काय सांगायचं?

हानसोलच्या आईनं बंद दाराकडे पाहिलं, बोरामचा दंड धरून तिला चार पावलं पुढे नेलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुमचं लग्न पार पडलं की आम्हीही कोर्टात अर्ज टाकणार आहोत. ठरलंय आमचं. पोराच्या लग्नात आईबाप जोडीनं दिसायला हवेत, म्हणून थांबलोय. हानसोलला यातलं काही माहीत नाही."

बोरामला आधी हायसं वाटलं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली. मग हानसोलचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"तू लहान होतीस," हानसोलची आई म्हणाली. देगूचा तो करडा सूर कुठल्या कुठे गेला होता. "तो चांगला तिशी ओलांडलेला बाप्या आहे. त्याला कमीच लागेल ना गं?"

बोरामला तिच्या आईबाबांनी समोर बसवून सगळं सांगितलं होतं. ती पुष्कळ रडली होती. पण आपल्यासाठी दोघं खोटं खोटं हसत होती का, हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता. तो तिला आजच पहिल्यांदा पडला होता, आणि तोही तिनंच ओढवून घेतला होता.

"तुम्ही त्याला लग्नाआधीच..." तिनं कसंबसं म्हटलं, तोच दार सरकलं.

"इथे आहात होय दोघी!" सोजूनं लाल झालेला हानसोल दारात उभा होता. खुशीत होता. "आई, चल बघू आत. तू उठलीस तसे बाबा चॉपस्टिक खाली ठेवून बसलेत. एवढी वर्षं झाली, पण तुझ्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

मग तो बोरामकडे वळला आणि हसला. "आपलंही असंच व्हायला हवं, नाही?"