मैदान लाइव्ह

"काय गं, झोपा काढतीस काय? लोक मोबाइल धरून बसल्यात आणि दिसतंय काय, तर 'कनेक्शन सुरक्षित नाही'!" कुस्त्या भरवणारे अण्णा भर मांडवात थेट प्रक्षेपण सांभाळणाऱ्या प्रणोतीवर ओरडले. मॅटवर शेवटची कुस्ती लागली होती.

प्रणोतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दातओठ खात ती सर्व्हर तपासत राहिली. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. मग ते आपोआप नवं का झालं नाही? तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख दिसली. सर्व्हरच्या लेखी अजून मागचंच वर्ष चालू होतं, मग मुदत संपल्याचं त्याला कळणार कसं!

"तारीख कुणी मागं नेली?"

"मीच," अण्णा गुरगुरले. "तारीख मागं ठेवली की गुणफलकाचं सॉफ्टवेअर फुकट चालतंय. तुम्हा इंजिनिअरांना सुचत नाही ते!"

तिनं आजची तारीख घातली, प्रमाणपत्र नवं केलं. प्रक्षेपण सुरू झालं. हजारो मोबाइलवर पैलवान दिसले आणि त्यांच्या छातीवर, गुणांच्या जागी, लाल पट्टी: 'फुकट वापराची मुदत संपली.'

"ए, काढ ते आधी!"

प्रणोतीनं माऊस त्यांच्यापुढे सरकवला. "न्या की तारीख मागं, अण्णा. अख्खा जिल्हा बघतोय."