बेरीज बरोबर

साठी जवळ आल्यावर जिजाबाईंना आकडे लिहायला शिकवले ते त्यांच्या लेकीने, लतिकाने. पुढे तिने परजातीत लग्न केलं आणि बापाने नायगावच्या घराचं दार तिला बंद केलं. वसईच्या बसस्टँडवर तिने आईला घाईघाईत आपला नवा नंबर सांगितला.

"घरी फोन बाबा उचलतात, म्हणून तूच कर. मी वाट बघेन. दहा आकड्यांची बेरीज एक्कावन्न आली, की बरोबर लिहिलास समज."

बेरीज एक्कावन्नच आली. पण फोन लावला की कुणी बाप्या "राँग नंबर" म्हणून खेकसायचा. जावईच खोटं बोलतोय, अशी जिजाबाईंची खात्री झाली. तीन वर्षं त्या चोरून बेरीज करत राहिल्या आणि न पाहिलेल्या जावयाला शिव्या देत राहिल्या.

नवऱ्याचं तेरावं झालं, तेव्हा त्यांनी नंबर लिहिलेली ती चिठ्ठी सुनेपुढे धरली.

"शेवटचे आकडे काय सांगितले होते?" जागृतीने विचारलं.

"त्रेसष्ट. आधी तीन, मंग साठ."

"अहो आई, हे तर छत्तीस झालं! आधी सहा लिहायचा."

"पन बेरीज बरोबर येते ना गं!"

"आकडे उलटे लिहिले तरी बेरीज तीच येणार, आई."

जागृतीने त्रेसष्ट करून फोन लावला आणि सासूच्या कानाशी धरला. पलीकडे लतिकाचाच आवाज होता.

"लतू, मी आई बोलते."

 

 लतिका म्हणाली, "राँग नंबर."