बर्फातलं कार्ड

क्लिफर्डला ऑनलाइन खरेदीचा मोह आवरेना, म्हणून बायकोने, डोरीनने, तीन आठवड्यांपूर्वी त्याचं क्रेडिट कार्ड पुडिंगच्या वाडग्यात पाण्यासकट गोठवून ठेवलं. आज त्यावरचं दोन हजार पौंडांचं कर्ज दुसऱ्या बँकेच्या बिनव्याजी कार्डावर न्यायचं होतं. सवलत पाचला संपणार होती आणि पावणेपाच वाजले होते. “जुन्या कार्डाचा नंबर सांगता ना?” फोनवरच्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं. डोरीन वाडगा नळाखाली गरागरा फिरवत होती. “अरे बघतोस काय मख्खासारखा? हेअर ड्रायर आण! नाहीतर चोवीस टक्क्यांनी व्याज भरत बस!” “अगं, धीर धर,” क्लिफर्ड चहात बिस्किट बुडवत म्हणाला. त्याने फोन ओढला, डोळे मिटले आणि सोळाच्या सोळा आकडे घडाघडा म्हटले. वर न विचारता कार्डामागचे तीनही सांगितले. डोरीनने वाडगा खाली ठेवला. “मुली, रक्कम इतक्यात लिहू नकोस.”