खाणीचं तोंड

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली, तेव्हा लिओना बालूता कोबी चिरत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सुरी चालवायला लागली.

दारात एल्मर पेट्रस्की उभा होता. तो हॅरो गॅपचा मेयर होता. म्हणजे एरवी शाळेच्या बस दुरुस्त करायचा आणि महिन्यातून एकदा गावच्या सभेत खुर्चीवर बसायचा. दोन डोंगरांच्या खिंडीत ओढ्याच्या कडेने गेलेला एकच रस्ता, त्यावर ओळीने घरं आणि वर टेकाडावर चर्च, एवढंच ते गाव. कोळसा निघत होता तेव्हा तिथे चारशे माणसं राहायची. आता एकोणीस उरली होती. एल्मर सोडून सतरा जण दुपारीच चर्चपाशी जाऊन बसमध्ये बसले होते. एकोणिसावी इथे कोबी चिरत होती.

सकाळी रस्त्याच्या मधोमध जमीन खचली होती. राज्याचे इंजिनिअर आले, त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि सांगितलं, की जुन्या खाणीतले खांब ढासळताहेत, अंधार पडायच्या आत गाव रिकामं करा. तेव्हापासून तो खड्डा एकेक घर गिळत वर सरकत होता. शेजारचं घर तासाभरापूर्वी गेलं होतं. पोलिसांनी लिओनाला दोनदा विनवून पाहिलं. ती शहाऐंशी वर्षांची. बळजबरी करायला कुणाचा हात धजेना. शेवटी ते एल्मरला म्हणाले, तू गावचा माणूस आहेस, तू बघ.

नेमकं हेच त्याला नको होतं. एकसष्ट वर्षांपूर्वी खाणीला आग लागली, तेव्हा सगळे बाहेर आले आणि लिओनाचा नवरा स्टॅश तेवढा पंप चालू ठेवायला आत राहिला. खाणीचा मुकादम होता एल्मरचा बाप, अँटन. त्याने स्टॅश आत असताना खाणीचं तोंड बुजवलं. हवा तुटली, आग विझली, गाव वाचलं. पण त्यानंतर अर्ध्या गावाने अँटनशी बोलणं टाकलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. त्याबद्दल तो एका शब्दाने कधी बोलला नाही, आणि तसाच मेला. त्याच्या मुलाने कोणत्या तोंडाने या बाईला घर सोड म्हणायचं?

"मेयर झालास तरी बूट पुसून आत यायचं कळत नाही तुला," लिओना म्हणाली.

एल्मर बूट पुसून आत आला. बस थांबली आहे, तिच्या भाचीने तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे, हे सगळं त्याने सांगून पाहिलं. ती ऐकत राहिली. मग तिने जमिनीकडे बोट दाखवलं. स्टॅश खाली आहे, ती म्हणाली. तुम्ही सगळे निघालात, मग त्याच्याजवळ कोण राहणार?

टेबल एका बाजूला कललं होतं. कोबीचा गड्डा घरंगळत जाऊन खाली पडला, तो कुणीच उचलला नाही. जमिनीखालून दगड घासल्याचा लांबलचक आवाज आला आणि भिंतीवरची भेग छतापर्यंत गेली. बाहेरून पोलीस हाका मारत होते.

एल्मरने खुर्ची ओढली आणि तो तिच्यासमोर बसला.

"माझ्या बापाने एक माणूस खाली सोडला, मिसेस बालूता," तो म्हणाला. "मी दुसरं माणूस सोडणार नाही. तुम्ही बसा. मीही बसतो."

लिओनाचा हात थांबला. चेहरा एकदम पांढरा पडला. एल्मर हलला नाही, तशी तिने सुरी टेबलावर आपटली.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ म्हणते ना, गाढवा."

खुंटीवरचा कोट तिने स्वतःच ओढला. दार चौकटीत घट्ट बसलं होतं. एल्मरने लाथ मारून ते उघडलं, तिला पाठीवर घेतलं आणि चढ धरला. चर्चच्या फाटकाशी तो पोचला, तेव्हा मागे लाकडं मोडल्याचा आवाज आला. तिचं घर आधी गुडघे टेकल्यासारखं पुढे वाकलं आणि मग धुळीत नाहीसं झालं.

एल्मरने तिला पायरीवर बसवलं. मग त्याने विचारलं, की त्याच्या बापाला तिने कधी माफ केलं का.

"तुझ्या बापाने तोंड बुजवलं नाही," ती म्हणाली. "त्याने फावड्याला हात लावायला नकार दिला. स्टॅश बाहेर येईपर्यंत थांबायचं म्हणत होता. मी सांगितलं त्याला, बुजव. तरी ऐकेना, तेव्हा पहिलं फावडं मी टाकलं. मग म्हणाला, 'लिओना, हे माझ्या नावावर राहू दे. तुला याच गावात दिवस काढायचेत.'"

एल्मरने विचारलं, "बुजव म्हणून तुम्ही का सांगितलंत?"

लिओनाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पांढरे केस, धुळीने माखलेला चेहरा, धापेने वरखाली होणारी छाती.

"खिंडीतला रस्ता बर्फाने बंद होता. खाणीतला विषारी वायू घराघरांतून वर येत होता. तुझी आई तुला घेऊन खाणीच्या तोंडाशी धावत आली," ती म्हणाली. "आठ दिवसांचा होतास. निळा पडला होतास."