वारा नेतो

जपानमधल्या आओमोरी शहरातल्या एका चिंचोळ्या गल्लीत मिकामीचं बर्फ उडवायचं जुनाट यंत्र धडधडायला लागलं, की समोरच्या उमेकोचं टाळकं सटकायचं. यंत्राच्या नळीचं तोंड रोज तिच्याच फाटकाकडे असायचं.

"तुमच्या दारातला बर्फ माझ्या दारात कशाला हो?"

"मी कुठं टाकतो, उमेकोसान? वारा नेतो!" तो निर्लज्जासारखा हसायचा.

परवा मिकामीच्या आईच्या छातीत कळ आली आणि तिला न्यायला आलेली रुग्णवाहिका नेमकी उमेकोच्या फाटकापुढच्या ढिगात रुतली. मिकामी नुसता रडत उभा. त्या माणसावरचा राग गिळून उमेकोनंच फावडं उचललं आणि चाकं मोकळी केली.

आज सकाळी तो सफरचंदांची पेटी घेऊन आला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. "तुम्ही होतात म्हणून आई वाचली. जन्मभर विसरणार नाही."

उमेकोला भरून आलं. "चहा घेऊनच जा," म्हणत ती आत गेली. कप घेऊन बाहेर येऊन बघते तर काय, समोर यंत्र धडधडत होतं आणि तिचं फाटक अर्धं बर्फात गाडलं गेलं होतं.

वारा औषधालाही नव्हता.